सर्व्हरवर आपली दप्तरे किती? यादी मागून घ्या

मार्च संपत आला की आपण गोदामातले तागे मोजतो. सायझिंगला किती सूत पडून आहे, प्रोसेसला किती कापड गेले आहे, दलालाकडे किती नमुने अडकले आहेत, याची मोजदाद करतो. पण ज्या यंत्रात हा सगळा हिशेब साठवलेला असतो त्या यंत्रात आपली दप्तरे किती आहेत, हे क्वचितच कोणी विचारतो. विचारलेच तर संगणकवाला म्हणतो, "सेठ, सगळं सर्व्हरवर आहे." सर्व्हरवर आहे हे कबूल. पण काय आहे, कोणत्या नावाने आहे, आणि त्यातले चालू कोणते, हे त्याला पुढे विचारण्याची आपल्याकडे पद्धत नाही.

ही यादी काढायला एक ओळ पुरते, आणि आपल्या धंद्याच्या दृष्टीने त्या ओळीची किंमत फार आहे, असे आमचे मत आहे. आम्ही कापडाचे व्यापारी, शिक्षण उर्दू शाळेत झालेले. संगणकशास्त्र हा आमचा विषय नव्हे. पण हिशेब आमचा आहे, आणि त्याबद्दल उद्या जाब द्यायची वेळ आली तर तो आम्हालाच द्यायचा आहे.

दप्तर, वही आणि नोंद

आधी शब्दांचा घोळ मिटवू. सर्व्हर म्हणजे कपाट समजा. त्या कपाटात एकेका फर्मचे किंवा एकेका वर्षाचे दप्तर असते, त्याला डेटाबेस म्हणतात. दप्तरात वह्या असतात: एक गिऱ्हाइकांची, एक मालाची, एक बिलांची, एक जमा-खर्चाची. या वह्यांना टेबल म्हणतात. वहीतली एक ओळ म्हणजे एक नोंद. गिऱ्हाइकाला एक क्रमांक दिला की बिलाच्या वहीत त्याचे नाव-गाव पुन्हा लिहावे लागत नाही, क्रमांक लिहिला की पुरे. वह्या अशा एकमेकींशी जोडण्याची ही रीत एडगर कॉड या आयबीएममधल्या गणितज्ञाने १९७० साली एका लेखात मांडली. आज बिलिंगची बहुतेक मोठी सॉफ्टवेअर त्याच पायावर उभी आहेत.

याच कॉड साहेबांनी १९८५ साली अशा व्यवस्थेचे काही नियम सांगितले. त्यातला एक नियम आपल्या कामाचा आहे. कपाटात काय काय आहे याची सूचीसुद्धा इतर वह्यांसारखीच वही असली पाहिजे, आणि ती वाचायला वेगळी विद्या लागता कामा नये, असे ते म्हणाले. म्हणजे दप्तरांची यादी ही कोणा कारागिराच्या डोक्यात राहणारी गोष्ट नाही. ती कपाटातच लिहिलेली असते आणि मागितली की मिळते.

कोणत्या कपाटाला काय विचारायचे

आपल्या दुकानांत मुख्यतः तीन प्रकारचे सर्व्हर आढळतात. पहिला मायएसक्यूएल, किंवा त्याचाच भाऊ मारियाडीबी. मायएसक्यूएल १९९५ पासून बाजारात आहे. २०१० मध्ये ते ओरॅकल कंपनीच्या ताब्यात गेले. मूळ कर्त्याने त्याआधीच, २००९ मध्ये, मारियाडीबी ही वेगळी शाखा काढली होती. दोन्हींत हुकूम एकच: इंग्रजी अक्षरांत 'शो डेटाबेसेस' लिहायचे, शेवटी अर्धविराम द्यायचा आणि एंटर दाबायचे. नावांची यादी समोर येते. पुष्कळ लहान दुकानांत झॅम्प नावाचा संच बसवून त्यावर बिलाचे सॉफ्टवेअर चालवतात. तिथे ब्राउझरमध्ये पीएचपीमायअॅडमिन उघडले की डाव्या हाताला हीच यादी दिसते, काही लिहावेही लागत नाही.

दुसरा पोस्टग्रेएसक्यूएल. त्याच्या काळ्या खिडकीत उलटी तिरपी रेघ आणि लहान एल एवढी दोनच अक्षरे टंकायची. पुढे अधिकचे चिन्ह जोडले तर प्रत्येक दप्तराने डिस्कवर किती जागा अडवली आहे तेही कळते. तिसरा मायक्रोसॉफ्टचा एसक्यूएल सर्व्हर. याची एक्सप्रेस नावाची फुकट आवृत्ती आपल्याकडच्या बऱ्याच बिलिंग सॉफ्टवेअरबरोबर येते. त्यात 'सिलेक्ट नेम फ्रॉम सिस डॉट डेटाबेसेस' असे विचारावे लागते. 'नेम'च्या जागी नुसती फुली, म्हणजे तारांकित चिन्ह, दिले तर दप्तर तयार झाल्याची तारीख आणि त्याची सध्याची हालतही दिसते.

यादी पहिल्यांदा पाहणारा माणूस जरा दचकतो, कारण आपल्या फर्मचे एक नाव शोधायला जावे तर तिथे चार-पाच परकी नावे बसलेली असतात. ती सर्व्हरची स्वतःची दप्तरे आहेत. मायएसक्यूएलमध्ये 'मायएसक्यूएल', 'इन्फर्मेशन स्कीमा', 'परफॉर्मन्स स्कीमा' आणि नव्या आवृत्त्यांत 'सिस'. पोस्टग्रेमध्ये 'पोस्टग्रेस', 'टेम्प्लेट झिरो' आणि 'टेम्प्लेट वन'. एसक्यूएल सर्व्हरमध्ये 'मास्टर', 'मॉडेल', 'एमएसडीबी' आणि 'टेम्पडीबी'. यांना हात लावू नये. ही कोरी वही, शिक्के आणि किल्ल्या ठेवायची जागा आहे. 'मॉडेल' आणि 'टेम्प्लेट वन' ही तर खरोखरच कोरी वही. नवे दप्तर काढताना त्यांचीच नक्कल होते. ही नावे वगळून जे उरते ते आपले, किंवा आपले असायला हवे.

एक एप्रिलची गोष्ट

हे सगळे कशासाठी, असे कोणी विचारील. म्हणून आमच्या ओळखीच्या एका कापड व्यापाऱ्याची हकीकत सांगतो. दुकान चांगले, उधारीचा धंदा, चारशेच्या आसपास खाती. बिलाचे सॉफ्टवेअर होते, आणि रोज रात्री अकरा वाजता आपोआप नक्कल निघून वेगळ्या डिस्कवर जात असे. संगणकवाल्याने ती व्यवस्था मोठ्या हौसेने लावून दिली होती आणि सेठही दर आठवड्याला त्या डिस्कवर नवीन तारखेची फाइल आली आहे की नाही हे पाहत. ऑक्टोबरात मुख्य यंत्राची डिस्क बसली. नक्कल आणून चढवली, सॉफ्टवेअर उघडले, तर शेवटचे बिल ३१ मार्चचे.

झाले होते असे की, ते सॉफ्टवेअर दर आर्थिक वर्षाला नवे दप्तर काढत असे. बरीच सॉफ्टवेअर तसेच करतात. एक एप्रिलला नवे दप्तर उघडले, त्याचे नाव वेगळे, आणि रात्रीच्या नकलेच्या हुकुमात मात्र जुन्याच दप्तराचे नाव लिहिलेले. हुकूम आपले काम इमानाने करत राहिला. सहा महिने तो रोज रात्री एकाच मेलेल्या दप्तराची ताजी नक्कल काढत होता. फाइलची तारीख नवी, आतला माल जुना.

पुढचे हाल कापडवाल्यांना सांगायला नकोत. नोंदणीकृत गिऱ्हाइकांना दिलेली बिले जीएसटीच्या पोर्टलवर भरलेल्या विवरणातून निघाली. खरेदीची बाजूही तिथून बरीचशी जुळली. पण कोणाकडून किती रोख आली, कोणी चेक दिला, कोणाचा माल परत आला, कोणत्या प्रोसेसवाल्याकडे किती तागे पडून आहेत, हे कोणत्याच सरकारी पोर्टलवर नसते. ते दलालांच्या डायऱ्यांतून, ट्रान्सपोर्टच्या पावत्यांतून आणि लोकांच्या इमानावर उभे करावे लागले. बहुतेकांनी खरे सांगितले. सगळ्यांनी नाही.

एप्रिलच्या पहिल्या आठवड्यात यादी काढून ती नकलेच्या हुकुमाशेजारी ठेवली असती तर दोन मिनिटांत फरक कळला असता. यादीत दोन दप्तरे, हुकुमात एक. इतकी साधी मोजणी आहे. मायएसक्यूएलमध्ये एका दप्तराचे नाव देण्याऐवजी 'ऑल डेटाबेसेस' असा शब्द घालून सगळ्यांची नक्कल एकदम काढता येते, आणि पोस्टग्रेमध्ये 'पीजी डम्प' ऐवजी 'पीजी डम्पऑल' वापरता येते. तसे केले की नव्या वर्षाचे दप्तर आपोआप नकलेत येते. तरीही यादी ताडून पाहावीच, कारण हुकूम कोणी कधी बदलला हे दुकानदाराला कळत नाही.

यादी पुरी आहे का?

आता एक बारीक गोष्ट. मायएसक्यूएल ज्याला जेवढी परवानगी असेल त्याला तेवढीच यादी दाखवते. बिल करणाऱ्या मुलाच्या नावाने आत शिरून 'शो डेटाबेसेस' म्हटले तर त्याला चालू वर्षाचे दप्तर आणि 'इन्फर्मेशन स्कीमा' अशी दोनच नावे दिसतील. कपाटात दहा दप्तरे असली तरी दोनच. तेव्हा कोणी कागदावर छोटीशी यादी आणून दिली तर पहिला सवाल असा करावा की, ही कोणाच्या नावाने काढली? पूर्ण यादी मुख्य अधिकाऱ्याच्या नावाने निघते. मायएसक्यूएलमध्ये त्याला 'रूट' म्हणतात.

आणि इथेच खरी ग्यानबाची मेख आहे. रूटचा पासवर्ड कोणाकडे असतो? बहुतेक दुकानांत तो फक्त संगणकवाल्याकडे असतो. सेठकडे तिजोरीची किल्ली, गोदामाची किल्ली, गल्ल्याची किल्ली, आणि ज्या कपाटात चारशे खात्यांची उधारी आहे त्याची किल्ली मात्र पगारावर किंवा तासावर काम करणाऱ्या माणसाच्या खिशात. तो माणूस ईमानदार असेलही, पण तो दुबईला नोकरीला गेला तर? रूटचा, पोस्टग्रेसचा किंवा एसक्यूएल सर्व्हरच्या 'एसए'चा पासवर्ड लिहून बंद पाकिटात तिजोरीत ठेवावा. झॅम्पच्या संचात तर रूटला मुळात पासवर्डच नसतो, तो आपण घालायचा असतो. कित्येक दुकानांत तो घातलेलाच नाही, हे आम्ही पाहिले आहे.

एसक्यूएल सर्व्हर आणि पोस्टग्रे यांची रीत याच्या उलट आहे. तिथे मुद्दाम बंदी घातली नाही तर आत शिरणाऱ्या कोणालाही सगळ्या दप्तरांची नावे दिसतात. दप्तर उघडता येईलच असे नाही, पण नाव वाचता येते. एकट्या दुकानात याने काही बिघडत नाही. पण आजकाल एकच सॉफ्टवेअरवाला बाजारातल्या वीस दुकानांची दप्तरे भाड्याच्या एकाच सर्व्हरवर ठेवतो. तिथे आपल्या दप्तराला आपल्या फर्मचेच नाव असेल, तर आपण त्याचे गिऱ्हाईक आहोत आणि नवी फर्म काढली आहे हे समोरच्या दुकानाच्या मुनीमजीलाही कळू शकते. सॉफ्टवेअरवाल्याला सांगून दप्तराला क्रमांक किंवा भलतेच नाव द्यायला लावावे. तो नाही म्हणणार नाही.

भावाभावांची वाटणी होताना तर ही यादी हमखास काढावी. दुकान एक, सर्व्हर एक, फर्मा तीन, असे आपल्याकडे सर्रास असते. वाटणीत माग, गाळे, माल, येणे-देणे सगळे लिहिले जाते आणि सर्व्हर ज्याच्या गाळ्यात उभा असतो त्याच्याकडे तिघांचीही दप्तरे राहून जातात. वर्षभराने नोटीस आली की मग धावपळ. वाटणीच्या कागदाला दप्तरांची यादी जोडून प्रत्येकाने आपापल्या दप्तराची नक्कल घ्यावी.

अनोळखी नाव दिसले तर

यादीत अनोळखी नाव दिसले म्हणजे लगेच चोर शिरला असे समजू नये. मायएसक्यूएलच्या जुन्या आवृत्त्या आपल्या मुख्य फोल्डरमधल्या प्रत्येक फोल्डरला डेटाबेस समजत. त्यामुळे लिनक्सच्या यंत्रावर 'लॉस्ट' आणि 'फाउंड' या शब्दांचे एक विचित्र नाव यादीत यायचे. ते डिस्क दुरुस्तीसाठी लिनक्सने ठेवलेले फोल्डर असते, त्यात आपला काही माल नसतो. २०१८ साली आलेल्या आठव्या आवृत्तीपासून यादी ठेवण्याची पद्धतच बदलली. जुन्या आवृत्त्यांत 'टेस्ट' नावाचेही एक दप्तर आपोआप येत असे, आणि त्यात कोणालाही शिरता येई. ते असेल तर काढून टाकावे.

पण कधी कधी अनोळखी नाव ही धोक्याची घंटा असते. २०१७ च्या फेब्रुवारीत इंटरनेटवर उघड्या पडलेल्या मायएसक्यूएल सर्व्हरांवर चोरांनी धाड घातली. रूटच्या पासवर्डचे अंदाज करत आत शिरायचे, यादी काढायची, दप्तरे पुसून टाकायची आणि 'प्लीज रीड' अशा नावाचे नवे दप्तर मागे ठेवायचे. त्यात एक सूचना असे: ०.२ बिटकॉइन पाठवा, मग तुमचा माल परत मिळेल. माल पुसण्यापूर्वी त्यांनी खरोखर उचलून नेला होता की नाही याचीच शंका होती, तेव्हा पैसे भरूनही तो परत मिळण्याची खात्री नव्हती. ज्यांच्याकडे वेगळ्या जागी नक्कल होती ते वाचले. घरी बसून दुकानाचा हिशेब पाहता यावा म्हणून सर्व्हर इंटरनेटवर उघडा ठेवायला लावणाऱ्यांनी हे ध्यानात ठेवावे.

नावे सगळी ओळखीची असली तरी दोन गोष्टी तपासायच्या राहतात. एक, प्रत्येक दप्तर उघडून शेवटच्या बिलाचा क्रमांक आणि तारीख यादीसमोर लिहावी. यादी म्हणजे गठ्ठ्यावरची चिठ्ठी, आत तेच कापड आहे हे गठ्ठा सोडल्याशिवाय कळत नाही. एसक्यूएल सर्व्हरमध्ये तर नाव यादीत असते, पण हालतीच्या रकान्यात 'सस्पेक्ट' किंवा 'रिकव्हरी पेंडिंग' लिहिलेले असते, म्हणजे ते दप्तर उघडतच नाही. दुसरी गोष्ट लिपीची. पोस्टग्रेच्या यादीत नावापुढे 'एन्कोडिंग' असा रकाना असतो. तिथे 'यूटीएफ८' असेल तर उर्दू, मराठी, इंग्रजी सगळे नीट साठते. मायएसक्यूएलमध्ये 'यूटीएफ८एमबी४' हवे, आणि आठव्या आवृत्तीपासून ते आपोआप असते. त्याआधीच्या आवृत्त्या 'लॅटिन१' धरून चालत. त्यात मराठी किंवा उर्दू नाव घातले की नुसती प्रश्नचिन्हे उमटतात आणि मूळ अक्षरे कायमची जातात. जुने दप्तर लॅटिनमध्ये आणि नवे यूटीएफमध्ये असेल तर एकच गिऱ्हाईक एकीकडे प्रश्नचिन्ह आणि दुसरीकडे नाव होऊन बसते. उर्दूत नावे लिहिणाऱ्या आमच्यासारख्यांना याचा त्रास इतरांपेक्षा जास्त झाला आहे.

टॅलीवर काम करणाऱ्यांना वरच्या ओळी लागू नाहीत. टॅली आपला हिशेब स्वतःच्या पद्धतीच्या फाइलींत ठेवते, आणि एकेका कंपनीसाठी आकड्याच्या नावाचा एकेक फोल्डर असतो. तिथे कोणता आकडा कोणत्या फर्मचा, एवढे लिहून ठेवले तरी पुरे.

जुनी दप्तरे किती दिवस ठेवायची?

यादी लांबली की संगणकवाला म्हणतो, सेठ, जुनी वर्षे उडवून टाकू, यंत्र हलके होईल. घाई करू नये. जीएसटी कायद्याच्या ३६ व्या कलमाप्रमाणे हिशेबाची कागदपत्रे त्या वर्षाचे वार्षिक विवरण भरण्याच्या शेवटच्या तारखेपासून ७२ महिने जपावी लागतात. २०२१-२२ चे विवरण भरण्याची मुदत ३१ डिसेंबर २०२२ होती, म्हणजे ते दप्तर ३१ डिसेंबर २०२८ पर्यंत हवे. अपील किंवा चौकशी चालू असेल तर त्याहून जास्त. याच कायद्याच्या ५७ व्या नियमात असेही लिहिले आहे की, हिशेब यंत्रात ठेवणाऱ्याने त्याची योग्य नक्कल ठेवावी आणि अधिकाऱ्याने मागितल्यास फाइलींचा तपशील, त्यांचे पासवर्ड आणि वापरलेल्या सांकेतिक खुणांचा खुलासा द्यावा. तिथे 'संगणकवाल्याला विचारून सांगतो' हे उत्तर चालत नाही.

दप्तर पुसण्याचा हुकूम 'ड्रॉप डेटाबेस' असा आहे. मायएसक्यूएलच्या काळ्या खिडकीत तो दिला तर 'नक्की का?' असे कोणी विचारत नाही. कोणी त्याच दप्तरात काम करत असले तरीही नाही. पोस्टग्रे आणि एसक्यूएल सर्व्हर निदान दप्तर वापरात असेल तर साधेपणाने पुसू देत नाहीत. जुन्या वर्षावर चुकून नोंद पडू नये एवढाच हेतू असेल तर एसक्यूएल सर्व्हरमध्ये ते दप्तर 'ऑफलाइन' करता येते. ते यादीत राहते, पण उघडत नाही. पोस्टग्रेमध्ये नाव बदलून बाजूला ठेवता येते. मायएसक्यूएलमध्ये मात्र दप्तराचे नाव बदलण्याचा हुकूमच नाही. मागे एका आवृत्तीत तो घातला होता, पण धोक्याचा वाटल्याने काढून टाकला. म्हणून एक एप्रिलला नवे दप्तर काढताना सेठने स्वतः शेजारी बसावे आणि 'न्यू', 'न्यू टू', 'फायनल' असली नावे पडू देऊ नयेत. फर्मची खूण आणि वर्षाचे चार आकडे, तेही सगळे लहान इंग्रजी अक्षरांत, कारण लिनक्सच्या यंत्रावर मोठ्या अक्षराचे आणि लहान अक्षराचे नाव ही दोन वेगळी दप्तरे होतात.